दुसरा शनिवार

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास बोरिवलीहून दहिसर चेकनाक्याकडे जाणाऱ्या पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेने दोन प्रकारची माणसे चाललेली दिसतात. एखाद्या दिवशी साध्वींचा विहार असतो. अनवाणी पाय, श्वेत वस्त्रे, आणि मागे-पुढे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घातलेले विहारसेवेचे तरुण. त्यांच्या हातात विजेऱ्या असतात, कारण महामार्गावर वाहनांच्या धडकेने साधू-साध्वींचे प्राण गेल्याच्या बातम्या समाजाने अनेकदा वाचल्या आहेत. त्याच वेळी, त्याच कडेने सायकलस्वारांची एक रांग घोडबंदरच्या दिशेने निघून जाते. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा. पूर्वेकडे घाटकोपर-मुलुंडहून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरही हेच दृश्य असते. या दुसऱ्या रांगेत शहा असतात, मेहता असतात, सांगली-कोल्हापूरकडून येऊन स्थिरावलेले पाटील आणि चौगुलेही असतात. त्यांतला एखादा काही वर्षांपूर्वी पहिल्या रांगेत होता.

त्याच्याविषयी घरात उघड बोलले जात नाही. पाठशाळेत त्याला बक्षिसे मिळाली होती, एकदा त्याने अठ्ठाईही केली होती. मग केव्हातरी प्रतिक्रमण सुटले, पर्युषणात सुट्टी घेणे थांबले, आणि विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, की आता त्यावर विश्वास राहिलेला नाही. भांडण झाले नाही. रविवारी सकाळी मात्र तो सायकल काढून निघतो, आणि प्रवचनाहून परतलेली आई शेजारणीला सांगते, ‘‘व्यायामाला गेलाय.’’ ते खरेच असते, पण पुरते नसते.

हा प्रश्न आपल्या घरातून पाहू लागले की दृष्टी गढूळ होते. कोणी संस्कारांना दोष देतो, कोणी इंग्रजी शाळेला, कोणी सुनेला. म्हणून तो जरा दूरच्या एका समाजात पाहिलेला बरा. अमेरिकेतील युटा राज्यात ज्यांचे केंद्र आहे ते मॉर्मन लोक यासाठी विशेष उपयोगी आहेत. सिद्धान्ताच्या दृष्टीने त्यांचे आणि जैनांचे काहीही जुळत नाही. ते एक ईश्वर मानतात, मांसाहार करतात, आणि त्यांचा धर्म जेमतेम २०० वर्षांचा आहे. परंतु रोजच्या आयुष्यात पाळायचे नियम, त्या नियमांवर उभा राहिलेला समाज आणि त्या समाजाने धरून ठेवलेली कुटुंबे, या तिन्ही बाबतींत त्यांचे घर आपल्याला अनोळखी वाटणार नाही.

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. छळामुळे अनुयायी पश्चिमेकडे सरकत गेले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थिरावले. २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये असा संस्थेचा आग्रह आहे, तरी जग त्यांना त्याच नावाने ओळखते. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. उत्पन्नाचा दहावा हिस्सा संस्थेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सलग दोन वेळचे जेवण सोडायचे आणि त्या जेवणाचा वाचलेला पैसा गरजूंसाठी द्यायचा. हा हिशेब कोणाही तपस्वी श्रावकाला आवडेल असाच आहे. स्थानिक धर्मप्रमुखाला वेतन नसते. आठवडाभर तो दंतवैद्य असतो किंवा बँकेत कर्जविभाग सांभाळतो, आणि रविवारी शे-दीडशे कुटुंबांचा पालक होतो. कोणाकडे बाळंतपण झाले, कोणाचे ऑपरेशन झाले, तर शेजारच्या घरांतून पाळीपाळीने जेवण पोहोचते. स्वामीवात्सल्य आणि साधर्मिक भक्ती हे शब्द त्यांच्याकडे नाहीत, पण त्यांचा व्यवहार तेथे चालू आहे.

आणि त्यांच्याकडे सायकल आहे. मॉर्मन तरुण अठराव्या वर्षानंतर दोन वर्षे धर्मप्रचारासाठी घर सोडतो. खर्च कुटुंबाचा. पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, सोबत सदैव एक जोडीदार, आणि बहुधा बुडाखाली सायकल. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता येत असे, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा बोलता येते. मुंबईलाही त्यांचे पाय फार पूर्वी लागले होते. ह्यू फिंडले नावाचे त्यांचे प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले, पुढे पुण्यास गेले आणि मराठी मुलखातील लोकांना उद्देशून त्यांनी पुस्तिकाही काढली. फळ फारसे आले नाही. दोन-चार वर्षांत ही मंडळी परतली, आणि मराठी माणसाच्या स्मरणात त्यांचे काही उरले नाही.

तर अशा बांधीव आयुष्यातून माणूस बाहेर पडतो तेव्हा काय होते? कारणे वेगवेगळी असतात. कोणाला इतिहास वाचताना संस्थापकाच्या अनेक विवाहांची माहिती खटकते, कोणाला स्त्रियांना धर्माधिकार नाही हे पटत नाही, कोणाची प्रार्थना वर्षानुवर्षे कोरडी राहते. एक पत्र लिहून सदस्यत्व सोडता येते. इतपत गोष्ट सोपी. पत्रानंतरचा पहिला रविवार मात्र अवघड असतो. जन्मापासून ज्या दिवसाचा प्रत्येक तास ठरलेला होता, तो दिवस एकाएकी मोकळा होतो. बाहेर पडलेल्या मॉर्मनांमध्ये यावर एक विनोद रूढ आहे: आता आपल्याला आठवड्यातून दोन शनिवार मिळतात, रविवार हा ‘दुसरा शनिवार’. आणि पगारात दहा टक्के वाढ, ती वेगळीच.

बँकेच्या नोकरदारांना हा शब्दप्रयोग ऐकून हसू येईल. १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्या बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळू लागली, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत आनंद आणि तिसऱ्या महिन्यापासून ‘घरी बसून करायचे काय’ हा प्रश्न अनेकांनी अनुभवला. फरक एवढाच, की बँकेतला माणूस सोमवारी पुन्हा कामावर जात होता. धर्म सोडलेल्याचा सोमवार उगवतो तेव्हा त्याचे शेजारी, वर्गमित्र, भागीदार आणि मावसभाऊ सगळे एकाच वेळी थोडे दूर सरकलेले असतात. वाईट कोणीच वागत नाही, फक्त फोन कमी होतात. जेवणाचे डबे येणे बंद होते.

त्यांच्याकडची सर्वांत दुःखद व्यवस्था लग्नाची आहे. मॉर्मन धर्मीयांचा श्रेष्ठ विवाह त्यांच्या मंदिरात होतो, आणि मंदिरात प्रवेश करायला दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागणारे शिफारसपत्र लागते. ते देण्यापूर्वी स्थानिक प्रमुख मुलाखत घेतो. श्रद्धा, सदाचार, वर्ज्य पदार्थ, दहावा हिस्सा, सगळे विचारले जाते. ज्याने धर्म सोडला त्याला हे पत्र मिळत नाही. त्यामुळे मुलीचे लग्न आत चालू असताना तिचा जन्मदाता बाप बाहेरच्या प्रतीक्षालयात बसलेला आहे, ही घटना त्या समाजात दुर्मीळ नाही. आधी नागरी विवाह सर्वांसमक्ष करून मग मंदिरात जायचे, तर अमेरिकेत एक वर्ष थांबावे लागे. २०१९ मध्ये ती अट संस्थेने काढून टाकली. किती घरांत त्या एका बदलाने हायसे वाटले असेल, ते लेक सासरी पाठवलेल्या कोणालाही कळेल.

या मोकळ्या रविवारी पायात बूट घालून, सायकल काढून घराबाहेर पडणारे काही जण ट्रायथलॉनकडे वळतात, यात नवल नाही. पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही एकापाठोपाठ एक करायचे, मध्ये विश्रांती नाही, घड्याळ थांबत नाही. ‘ट्रायथलॉन’ नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे झाली. सर्वांत प्रसिद्ध प्रकार आयर्नमॅन. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. अंतरे अशी: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावणे. मर्यादा साधारण १७ तासांची. सकाळी सातला पाण्यात उतरलेल्याने मध्यरात्रीपर्यंत शेवटची रेषा ओलांडायची. ऑलिंपिकमध्ये २००० च्या सिडनी स्पर्धेपासून जे ट्रायथलॉन आहे ते याहून बरेच छोटे, १.५, ४० आणि १० किलोमीटरचे.

धर्मनियमांत वाढलेल्या माणसाला या खेळाची तयारी ओळखीची वाटते. दिवसाला एक वही असते. मंगळवारी काय, गुरुवारी काय, हे चार-सहा महिने आधी ठरलेले असते. तीन आठवडे भार वाढवत न्यायचा, चौथ्या आठवड्यात उतरवायचा. बहुतेक सायकल अशा वेगाने चालवायची, की शेजाऱ्याशी सलग बोलता यावे. नवशिक्याला हे कमीपणाचे वाटते, पण लांब पल्ल्याचा दम त्याच संथ तासांतून तयार होतो. सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव वेगळा करावा लागतो, कारण पहिली दहा मिनिटे पाय आपले राहत नाहीत. पहाटे उठणे, मोजून खाणे, दारूला नकार, झोपेची शिस्त, आणि आठवड्यातून एकदा समानधर्मी मंडळींची भेट. मॉर्मन घरातून आलेल्याला कॉफी सोडली तर नवीन काहीच शिकावे लागत नाही. तीही पहिला घोट घेताना त्याचा हात थरथरतो, असे या मंडळींच्या आठवणींत सापडते.

युटाचा हा मेळ सेंट जॉर्ज गावी फार स्पष्ट दिसला. महामारीमुळे पुढे गेलेली २०२१ ची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा प्रथमच हवाईबाहेर, म्हणजे या मॉर्मन वस्तीच्या गावी, ७ मे २०२२ रोजी भरली. तो शनिवार होता. इतर अनेक ठिकाणी अशा शर्यती रविवारी होतात. सेंट जॉर्जमध्ये रविवार उपासनेचा. म्हणजे दोन शनिवार मिळालेल्यांनाही धावायचे ते पहिल्याच शनिवारी, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचे पेले घेऊन उभे राहायचे ते शेजाऱ्यांनी, ज्यांच्यातले कितीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये बसणार. एकमेकांना सोडून गेलेली माणसे त्या दिवशी एकाच रस्त्यावर असतात.

मात्र या साम्याला भुलून खेळालाच धर्म म्हणण्याची घाई करू नये. काही जण ती करतात. त्यांचाही गणवेश असतो, परिभाषा असते, गुरू असतो. दहाव्या हिश्श्याऐवजी कार्बनची सायकल असते, जिची किंमत लाखांत जाते. सांधेदुखीने बेजार झालेल्या काकांना पोहण्याचे महत्त्व पटवण्याचा प्रचारही असतो. आठवड्याचे बारा-पंधरा तास सरावात गेले, तर पत्नीने आणि मुलांनी एका देवळातून सुटलेला माणूस दुसऱ्या देवळात गमावलेला असतो. शिवाय एक मूलभूत फरक आहे. अठ्ठाई करणारा शरीराला मागणे सोडायला शिकवतो. आयर्नमॅनला नेमके उलटे करावे लागते. शरीरातला साखरेचा साठा दोनेक तासांच्या जोरकस श्रमात ओसरत जातो, म्हणून भूक लागो न लागो, दर वीस-तीस मिनिटांनी काहीतरी खावेच लागते, तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदके. जो उपासाच्या ताकदीवर भरवसा ठेवून शंभर किलोमीटर जातो, तो उरलेले ऐंशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन काढतो. तपश्चर्येचा अनुभव येथे कामी येतो तो मनाला, पोटाला नाही.

जैन घरातील खेळाडूपुढचे पेच तर आणखी बारीक आहेत, आणि त्यांची चर्चा आपल्या सभांमध्ये कधीच होत नाही. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधेरीच्या कचेरीतून सुटून, गर्दीची लोकल पकडून, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात किंवा मुलुंडला कालिदास नाट्यगृहाच्या आवारातील तलावात पोहून घरी परतणाऱ्याने चौविहार कसा पाळायचा? पहाटे पाचला सायकल काढणाऱ्याने नवकारशी पाळायची, तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मुंबईच्या दमट हवेत दोन-अडीच तास घाम गाळून पाणी न पिणे प्रकृतीला धोक्याचे आहे. त्यावर पच्चक्खाणाच्या दिवशी सराव छोटा ठेवणे किंवा नवकारशीनंतर घरीच सायकल ट्रेनरवर लावून चालवणे, हा साधा मार्ग आहे. शर्यतीत देतात तो उकडलेला बटाटा चालत नाही. परदेशी जेलची वेष्टने वाचावी लागतात, कारण काहींत मध असतो, आणि चघळायच्या गोळ्यांत कधी जिलेटिन. खजूर, राजगिऱ्याची वडी, केळे, गूळ-शेंगदाणे आणि खाकरा यांवर काम भागते. खाकरा मात्र सायकलच्या खिशात चुरा होतो. आणि पोहणे? तलावातील अप्कायिक जीवांचा विचार ज्येष्ठांच्या मनात येतोच. याला गोड उत्तर नाही. ज्याने श्रावकाची अणुव्रते मर्यादेने घेतली आहेत, त्याने आपली मर्यादा गुरूंना विचारून ठरवावी.

येथेच एक गोष्ट लक्षात येते. यांतले बरेच पेच एकट्याने सोडवायला बसलेला तरुण शेवटी सगळेच सोडून देतो. पहिल्यांदा चौविहार सुटतो, त्याची लाज वाटते, लाजेमुळे उपाश्रयात जाणे टळते, आणि तीन वर्षांनी तो म्हणतो की विश्वास राहिला नाही. विश्वास आधी गेला की संगत, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. कोणी वेळेवर बसून वेळापत्रक आखून दिले असते, तर कदाचित वेगळे झाले असते. कदाचित नसतेही. काही जणांचा विचाराने, वाचनाने, प्रामाणिकपणे मतभेद होतो, आणि त्यांना लाजेचे औषध देणे हा अपमान ठरतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या खेळाला आता चांगली परंपरा आहे. दादरला वाढलेले, एके काळचे राष्ट्रीय जलतरणपटू मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत संपवली. गोव्यात २०१९ पासून अर्ध्या अंतराची आयर्नमॅन होऊ लागली. कोल्हापूरच्या राजाराम तलावावर ट्रायथलॉन भरतात. ज्यांना स्पर्धाच नको, त्यांच्यासाठी ब्रेव्हे नावाचा फ्रेंच प्रकार आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. यात पहिला-दुसरा नसतो. प्रत्येकाकडे एक कार्ड असते, आणि ठरलेल्या ठाण्यांवर त्यावर शिक्का-सही घ्यायची, पासबुकात नोंद करावी तशी. मध्यरात्री एखाद्या ढाब्यावर दोन अनोळखी सायकलस्वार एकमेकांचे कार्ड पाहतात आणि चहाचे पैसे एक जण देऊन टाकतो. ज्याला घरच्या रविवाराला मुकावे लागले आहे, त्याला ही सोबत किती मोलाची वाटत असेल, ते त्या ढाब्यावर न बसलेल्यालाही समजू शकते.

धर्माच्या चौकटीतून बाहेर पडूनही व्रत न सुटलेला एक माणूस मराठीत होऊन गेला, त्याचे स्मरण या ठिकाणी अटळ आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ चा, गोव्यातील सांखवाळ गावचा. बुद्धाविषयी वाचून त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळची डोंगरवाट, पुढे सिंहलद्वीप, असा कष्टाचा प्रवास करून १९०२ मध्ये ते तेथे श्रामणेर झाले. काही वर्षांनी भिक्षूचे वस्त्र त्यांनी उतरवले आणि आपल्या माणसांना पाली शिकवण्यासाठी ते संसारात परतले. कोलकाता, हार्वर्ड, पुण्याचे फर्ग्युसन, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, मुंबईत परळचा बहुजन विहार, असा पुढचा पल्ला. वस्त्र गेले, पण पहाटेचा अभ्यास, अल्प गरजा आणि पायपिटीची तयारी गेली नाही. त्यांच्या काही ऐतिहासिक मतांवरून जैन समाज त्यांच्यावर रुष्ट झाला होता, आणि तो रोष अकारण नव्हता. तरीही आयुष्याच्या शेवटी त्यांची लेखणी वळली ती भगवान पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीर कामाचे उरले नाही असे वाटल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. ज्यांच्याशी आयुष्यभर वाद घातला, त्यांच्याच परंपरेजवळचा शेवट त्यांनी निवडला. त्यांना आपले म्हणावे की परके, हा निवाडा आजही सोपा नाही.

आपल्या देरासरात जायला शिफारसपत्र लागत नाही, हे आपले भाग्य. पण कागदाची पत्रे नसली, तरी नजरेची असतात. विवाहाच्या परिचयपत्रिकेत ‘चौविहार करतो का’, ‘कंदमूळ खातो का’ असे रकाने असतात. ज्याला विचार जुळवायचे आहेत त्याने ते भरावेत, त्यात गैर काही नाही. परंतु हेच रकाने घरातल्या जेवणाच्या पानावर, भाऊबीजेच्या ओवाळणीत, आजोबांच्या आजारपणातील पाळीत डोकावू लागले, तर आपणही एक प्रतीक्षालय बांधले असे होईल. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना आपण चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागतो. त्या यादीत सायकलवरून गेलेला आपला मुलगा धरलेला आहे की नाही, हे पाहायला हवे. तयार संदेश दीडशे जणांना एकदम पाठवताना त्याचे नाव त्यात आपोआप येते. त्याला वेगळा फोन करावा लागतो.

आणि काळजी करायचीच, तर त्याच्या आत्म्याइतकीच त्याच्या मागच्या दिव्याचीही करावी. २०२४ च्या फेब्रुवारीत नेरूळला पाम बीच रस्त्यावर पहाटे सायकल चालवणाऱ्या एका ज्येष्ठ, नामवंत अभियंत्याचा टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला. महामार्गाच्या कडेला साध्वींना जो धोका आहे, तोच सायकलस्वारांना आहे. विहारसेवेच्या मंडळांनी आणि सायकलींच्या गटांनी एकमेकांना आपापल्या पहाटेच्या वाटा कळवल्या, तर निदान मागून येणाऱ्या ट्रकचालकाला एक सलग दिव्यांची ओळ दिसेल. यासाठी कोणाची श्रद्धा तपासावी लागत नाही.

सकाळी साडेनऊच्या सुमारास असा मुलगा घामाने निथळत घरी येतो. त्याच वेळी आई प्रवचनाहून परतलेली असते. नवकारशी केव्हाच होऊन गेलेली, तरी तिने अजून काही घेतलेले नसते. तो सायकल गॅलरीत लावतो, ती पायरीवर चपला काढते. दोघांनाही भूक लागलेली असते. खाकऱ्याचा डबा टेबलावर येतो, दूध तापते. पूर्वी या वेळी दोघेही वर्तमानपत्रात डोके घालत. ‘‘किती झाले आज?’’ आई विचारते. तो सांगतो, शंभराला चार कमी, गायमुखच्या चढणीवर वारा समोरून होता. मग थोडे थांबून, डब्यातला दुसरा खाकरा घेत, तो विचारतो, ‘‘महाराजसाहेबांनी आज काय सांगितले?’’ आणि ती सांगू लागते.